शाळेत मुक्त परवान्याचे डिजिटल साहित्य वापरताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

आसपासच्या शाळांच्या समूह केंद्रात भरणाऱ्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हा फोटो गूगलवरून घेतला आहे, चालेल ना?" प्रश्न येईपर्यंत व्हिडिओ बनलेला असतो, यूट्यूबवर चढलेला असतो, पालकांच्या गटात फिरलेला असतो आणि फोटो नेमका कुठून घेतला हे कोणालाच आठवत नसते. मग घाईघाईने शेवटी 'सौजन्य: इंटरनेट' अशी ओळ टाकली जाते. त्या ओळीने काहीही साधत नाही. फोटो कोणीतरी माणसाने उन्हातान्हात उभे राहून काढलेला असतो आणि त्याचे नाव त्यात कुठेच येत नाही.

हेतू सगळ्यांचा चांगला असतो, क्रम तेवढा चुकतो. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. मुक्त परवान्याचे साहित्य म्हणजे 'या अटींवर घ्या, वापरा, बदला, वाटा' असे निर्मात्याने आधीच लिहून दिलेले साहित्य. अटी पाळल्या की वेगळी परवानगी मागावी लागत नाही. अट मोडली की ती परवानगीच उरत नाही.

एक उदाहरण सोबत घेऊन चालू या. हिंगणा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेला 'आपला नागपूर जिल्हा' असा दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, असे धरा. त्यात हवे आहे: नागपुरातल्या झिरो माइल या दगडी खांबाचा फोटो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो, तालुके दाखवणारा नकाशा, मराठी विकिपीडियावरचा एक परिच्छेद, मागे वाजणारी बासरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे एक भजन आणि मुलांनी काढलेली संत्र्याच्या बागेची चित्रे. गोष्टी सात आणि प्रत्येकीच्या हक्कांची तऱ्हा निराळी.

टप्पा १: साहित्य कुठपर्यंत जाणार, ते आधी ठरवा

शोधाशोध सुरू करण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: हे साहित्य फक्त वर्गात दाखवायचे आहे, शाळेच्या गटात पाठवायचे आहे, यूट्यूबवर टाकायचे आहे की छापून विकायचे आहे? सगळे पुढचे निर्णय या वाक्यावर उभे राहतात.

वर्गात शिकवण्यासाठी कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, किंवा प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या 'अध्यापनाच्या ओघाचा' अर्थ चांगला व्यापक लावला. त्यामुळे बंद परवान्याचे एखादे चित्र फळ्याशेजारी प्रोजेक्टरवर दाखवले म्हणून कोणी घाबरून जायचे कारण नाही.

मात्र ही मोकळीक शिकवण्यापुरती आहे. तोच पाठ यूट्यूबवर गेला की तो जगासाठी प्रकाशित झाला. स्नेहसंमेलनाचेही तसेच. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी, शिक्षक-विद्यार्थी-पालक एवढ्याच प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला त्याच कलमात सवलत आहे. त्याच कार्यक्रमाचे सर्वांसाठी खुले थेट प्रक्षेपण सुरू केले की प्रेक्षक बदलले आणि सवलतीचा आधार सुटला.

आपला व्हिडिओ यूट्यूबवर जाणार आहे. म्हणजे सातही गोष्टींचा परवाना पाहावा लागणार.

> सावधान: 'आत्ता वर्गापुरतेच करू, पुढचे पुढे पाहू' असे म्हणून बनवलेले साहित्य सहा महिन्यांत कुठल्या तरी गटातून बाहेर पडतेच. शंका असेल तर सर्वांत मोठा पल्ला धरून तयारी करा.

टप्पा २: फाइल उतरवण्याआधी नोंदवही उघडा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

गूगल शीट असो, एक्सेल असो की साधी दोनशे पानी वही, सात रकाने आखा: साहित्याचे नाव, निर्मात्याचे नाव, पानाचा पूर्ण पत्ता, परवाना आणि त्याची आवृत्ती, घेतल्याची तारीख, आपण केलेला बदल आणि कुठे वापरले. नियम असा: ओळ भरल्याशिवाय फाइल उतरवायची नाही. व्हिडिओ पूर्ण झाल्यावर श्रेय शोधायला बसलात तर एकेका फोटोमागे अर्धा तास जातो आणि तरी पाचांपैकी दोन सापडत नाहीत.

फाइलला नावही तिथल्या तिथे द्या. 'आयएमजी_२०२३' किंवा 'डाउनलोड (४)' ही नावे पुढच्या आठवड्यात काहीही सांगणार नाहीत. '०१_मारबत_सीसीबायएसए४' असे नाव (परवान्याची ही अक्षरे टप्पा ४ मध्ये उलगडली आहेत) ठेवले तर फाइल कोणाच्याही पेनड्राइव्हमध्ये गेली तरी निदान परवाना तिच्यासोबत जातो.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्या पानावर परवाना दिसतो त्या पानाचा, पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (थोडक्यात 'सीसी', म्हणजे मुक्त साहित्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या तयार परवान्यांचा संच) परवाना एकदा दिला की निर्मात्याला परत घेता येत नाही. त्याने उद्या संकेतस्थळावरून तो काढला तरी तुम्ही आधी घेतलेल्या प्रतीवरचा तुमचा हक्क शाबूत राहतो. पण तुम्ही घेतली तेव्हा परवाना तोच होता, हे दाखवता आले पाहिजे.

टप्पा ३: योग्य ठिकाणी शोधा

गूगलच्या चित्रशोधात 'टूल्स' आणि मग 'युसेज राइट्स' इथे जाऊन क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येते. ती चाळणी फक्त सुरुवात समजा. चित्र जिथून आले त्या मूळ पानावर जाऊन परवाना स्वतः पाहायचाच.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स सर्वांत भरवशाचे, कारण तिथे प्रत्येक फाइलच्या पानावर निर्माता, तारीख आणि परवाना लिहिलेला असतो. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर आहे. तिथल्या गोष्टी सीसी बाय ४.० परवान्याने मिळतात आणि मराठीतही भरपूर आहेत. शैक्षणिक साहित्यासाठी एनसीईआरटीच्या सीआयईटी या विभागाचे एनआरओईआर हे मुक्त साहित्याचे भांडार आणि दीक्षा हा ऑनलाइन शिक्षणमंच ही दोन सरकारी दालने आहेत. दीक्षावर प्रत्येक घटकाच्या तपशिलात श्रेय आणि परवान्याची माहिती असते. व्हिडिओ पाहून झाला की तो तपशील उघडायची सवय ठेवा. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत पाहा.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप घ्या आणि 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' असे श्रेय द्या. गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट मुक्त परवान्याचा नाही. भारताचा पूर्ण नकाशा लागणार असेल तर बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूम आहेत का, ते नीट पाहा. परदेशी संकेतस्थळांवरच्या मुक्त नकाशांत त्या वेगळ्या असू शकतात आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेच्या भिंतीवर आणि फ्लेक्सवर हे फार वेळा घडते.

झिरो माइलच्या फोटोसाठी मी तर सांगेन की शोधूच नका. मोबाइल घ्या, सकाळच्या उजेडात जा आणि स्वतः काढा. इमारत किंवा सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले शिल्प यांचा फोटो काढायला आणि छापायला आपला कायदा परवानगी देतो. भिंतीवर रंगवलेली चित्रे मात्र त्या सवलतीत येत नाहीत. रस्त्याकडेचे सुंदर भित्तिचित्र मुख्य विषय म्हणून टिपले तर चित्रकाराची परवानगी लागते.

> सावधान: मोफत मिळणारे सगळे मुक्त नसते. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ मोफत उतरवता येते, पण मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना पुस्तकात छापलेली असते. पानावरच्या क्यूआर कोडने दीक्षावरचा मुक्त व्हिडिओ उघडला म्हणून ते पान मुक्त होत नाही. 'सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचे' हाही गैरसमज आहे; भारतात सरकारी प्रकाशनावरही प्रकाशनापासून ६० वर्षे कॉपीराइट असतो.

टप्पा ४: परवाना अक्षर न् अक्षर वाचा

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात चार अटी असतात आणि त्यांच्याच जोड्यांतून सहा परवाने बनतात. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदल करून वाटलेत तर तुमचे साहित्यही त्याच परवान्याने वाटा. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदललेली प्रत वाटू नका. यांच्याखेरीज 'सीसी झिरो' आहे. त्यात निर्मात्याने कायद्याने सोडता येतील तेवढे सगळे हक्क सोडलेले असतात. तिथेही मी निर्मात्याचे नाव देतेच. मुलांना स्रोत सांगायची सवय लागावी म्हणून.

एनडीने आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा होतो, कारण आपले निम्मे काम भाषांतराचे असते. इंग्रजी वर्कशीट घेतली, मराठी केली, गटात टाकली. भाषांतर हा बदलच आहे. एनडी परवान्याच्या ४.० आवृत्तीत तुम्ही स्वतःपुरते भाषांतर करू शकता, पण ते इतरांना वाटू शकत नाही. तेव्हा परवान्यात एनडी दिसले की भाषांतराचा विचार तिथेच सोडा आणि दुसरे साहित्य शोधा. नाहीतर निर्मात्याला ईमेल करून लेखी परवानगी मागा. अनेक जण आनंदाने देतात.

एनसीबद्दल 'आपली शाळा नफा कमावत नाही, मग काय अडचण' असे म्हटले जाते. पण ही अट वापर कसा होतो ते पाहते, वापरणारी संस्था कोणती ते पाहत नाही. जाहिराती लागणारे यूट्यूब चॅनेल, दुकानांच्या जाहिराती घेऊन छापलेला शालेय वार्षिकांक, खासगी शिकवणीची सशुल्क नोट्स, या ठिकाणी एनसी साहित्य टाळलेले बरे.

एसएचा अर्थ शेवटच्या पाटीवर कळतो. मराठी विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० परवान्याने मिळतो. त्यातला परिच्छेद सोपा करून तुम्ही निवेदनात वापरलात, तर व्हिडिओच्या शेवटी 'सर्व हक्क राखीव, अमुक शाळा' असे लिहिता येणार नाही. तुमच्या व्हिडिओलाही तोच परवाना द्यावा लागेल. यात तोटा काही नाही, पण मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवा. व्हिडिओ झाल्यावर वाद नको.

> थांबा आणि तपासा: नोंदवहीत प्रत्येक ओळीत परवान्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती आहे का? नुसते 'सीसी' लिहिलेले असेल तर ती ओळ रिकामी धरा.

टप्पा ५: देणाऱ्याला देण्याचा हक्क होता का, ते पाहा

कोणीही कोणाचाही फोटो उचलून 'माझे स्वतःचे काम' म्हणून मुक्त परवान्याने चढवू शकतो. यूट्यूबवर तर दुसऱ्याच्या गाण्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्का मारलेले कितीतरी व्हिडिओ आहेत. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याने दिलेला परवाना फोल आहे.

मारबतीच्या फोटोवर हे करून पाहू. आधी गूगल लेन्समध्ये तो फोटो टाकून तो आणखी कुठे दिसतो ते शोधा. तोच फोटो एखाद्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर आधीच्या तारखेला दिसला तर सोडून द्या. मग फाइलचे पान नीट पाहा. आकार फार लहान आहे का? कॅमेऱ्याची माहिती गायब आहे का? कोपऱ्यात छापील नाव कातरल्याची खूण दिसते का? चढवणाऱ्याची इतर चित्रे उघडा. एकच माणूस, एकाच कॅमेऱ्याने, विदर्भातल्याच जागा टिपतो आहे, असे दिसले तर भरवसा वाढतो. कुठल्या तरी नटाचे पोस्टर, अवकाशयान आणि मारबत हे सगळे 'स्वतःचे काम' म्हणून एकाच खात्यावर असेल तर दूर राहा.

एवढ्या तपासणीला पाच मिनिटे लागतात. सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या प्रत्येक चित्रासाठी ती द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ६: परवान्यात न येणारे हक्क वेगळे तपासा

मिरवणुकीचा फोटो मुक्त परवान्याचा आहे म्हणून त्यातल्या माणसांनी आपला चेहरा वापरायला परवानगी दिली, असे होत नाही. परवाना फोटो काढणाऱ्याचा हक्क मोकळा करतो. फोटोत दिसणाऱ्याच्या खासगीपणाचा प्रश्न तसाच उरतो. गर्दीचा दुरून घेतलेला फोटो निवडा. लहान मुलाचा चेहरा ठळक दिसत असेल तर दुसरा शोधा. आपल्या शाळेतल्या मुलांबाबत तर अधिक काळजी घ्या: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. प्रवेशाच्या वेळी सरसकट घेतलेल्या सहीवर विसंबू नका. कोणते चित्र किंवा फोटो, कुठे टाकणार, नाव देणार की नाही, एवढे लिहिलेला छोटा मराठी कागद पालकांना द्या.

मुलांची चित्रे ही मुलांची आहेत, हे आपण फार सहज विसरतो. चौथीतल्या मुलीने काढलेल्या संत्र्याच्या झाडावर कॉपीराइट तिचाच असतो. तिला विचारा, तिच्या आईवडिलांना विचारा. तिचे नाव द्यायचे की नुसते 'इयत्ता चौथीची विद्यार्थिनी' लिहायचे, हे त्यांना ठरवू द्या.

आता भजन. भारतात लेखक-कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरीस संपेल; तोपर्यंत त्या मुक्त नाहीत. महाराज गावोगावचे म्हणून ते आपोआप मुक्त झाले, असे समजून व्हिडिओत भजन घालू नका. परिपाठात मुले भजन म्हणतात त्याला अडचण नाही. यूट्यूबवर टाकायचे तर हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्या. सुरेश भटांच्या कविता आणि गझला नागपूरच्या शाळांत फार प्रेमाने वापरल्या जातात. ते २००३ मध्ये गेले. त्यांच्या रचनांवर २०६३ अखेरपर्यंत हक्क आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाबद्दल दीक्षाभूमीच्या शहरात नेहमी विचारणा होते. १९५६ ला ६० वर्षे जोडली की त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र त्या प्रकाशनापासून मोजायची. शिवाय मराठी अनुवाद ज्याने केला त्याचा हक्क वेगळा, संपादकांच्या टिपांचा वेगळा. मूळ इंग्रजी उतारा घेऊन शिक्षकांनी स्वतः मराठी केला तर वाट मोकळी आहे. अलीकडचा छापील अनुवाद उचलला तर नाही.

> सावधान: गाणे म्हणजे एक हक्क नव्हे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचे, असे तीन प्रश्न नोंदवहीत वेगळे लिहा.

टप्पा ७: आता जुळवणी करा, पण परवाने एकमेकांशी पटतात का ते पाहून

वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवणे आणि त्या एकमेकींत मिसळून नवे काही करणे, यांत फरक आहे. दहा गोष्टींच्या दहा पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवल्या तर प्रत्येकीचा परवाना आपापला राहतो. दोन चित्रे एकत्र करून तिसरे बनवले तर दोन्ही परवान्यांच्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. आणि काही जोड्या जमतच नाहीत. सीसी बाय-एसए आणि सीसी बाय-एनसी-एसए एकत्र मिसळता येत नाहीत, कारण दोघांचाही आग्रह 'नवे साहित्य माझ्याच परवान्याने' असा असतो.

व्हिडिओ करणाऱ्यांनी संगीताचा नियम पक्का लक्षात ठेवावा. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० प्रमाणे हलत्या चित्रांशी संगीत जुळवले की तो बदल धरला जातो, मग तुम्ही बासरीचा एक स्वरही हलवलेला नसला तरी. म्हणून एनडी परवान्याची बासरी व्हिडिओच्या मागे लावता येत नाही. एसए परवान्याची लावली तर अख्खा व्हिडिओ एसए होतो. आपल्या उदाहरणात विकिपीडियाचा मजकूर एसए आहेच, तेव्हा बासरी सीसी बाय किंवा सीसी बाय-एसए ४.० शोधा, एनसी घेऊ नका.

अक्षरांचेही पाहा. पाट्यांसाठी चोरून आणलेला फॉन्ट वापरायची काही गरज नाही. मुक्ता, बलू, नोटो देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सचे टंक आहेत आणि छपाईतही छान दिसतात.

टप्पा ८: श्रेय पूर्ण लिहा आणि साहित्याच्या आतच लिहा

पूर्ण श्रेयात पाच गोष्टी असतात: शीर्षक, निर्माता, स्रोत, परवाना आणि बदल. मारबतीच्या फोटोचे श्रेय असे दिसेल:

*मारबत मिरवणूक, नागपूर. छायाचित्र: फाइलच्या पानावर दिसते तेच नाव. स्रोत: विकिमीडिया कॉमन्स. परवाना: सीसी बाय-एसए ४.०. बदल: डावी बाजू कातरली, उजेड वाढवला.*

नाव जसे दिले असेल तसेच लिहा; टोपणनाव असेल तर टोपणनाव. स्रोताला फाइलच्या पानाची आणि परवान्याला त्याच्या मजकुराची लिंक जोडा. छापील कागदावर पत्ता द्या किंवा क्यूआर कोड छापा. बदल लिहायला लोक विसरतात, पण ती परवान्याची अट आहे. निर्मात्याने न केलेली गोष्ट त्याच्या नावावर जाऊ नये, एवढीच तिच्यामागची भावना आहे.

श्रेय कुठे लिहायचे, यावर माझा आग्रह आहे. नुसत्या यूट्यूबच्या वर्णनात नको. आपले व्हिडिओ उतरवले जातात, व्हॉट्सॲपने फिरतात, नेट नसलेल्या शाळेत टॅबवर चालतात, आणि वर्णन मागेच राहते. म्हणून शेवटची श्रेयपाटी व्हिडिओच्या आत हवी आणि वाचून होईल इतका वेळ थांबायला हवी. पीपीटीत चित्राखाली लहान अक्षरांत ओळ आणि शेवटी पूर्ण यादी. वर्कशीटमध्ये तळटीप, प्रत्येक पानावर, कारण झेरॉक्स एकेका पानाची होते. स्टोरीवीव्हरची गोष्ट छापताना शेवटचे श्रेयाचे पान कागद वाचवायला काढून टाकू नका. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे तिथेच असतात.

> थांबा आणि तपासा: ज्याने हे साहित्य बनवलेले नाही अशा सहकाऱ्याला फाइल द्या. फक्त फाइलवरून त्याला प्रत्येक चित्राचे मूळ पान सापडते का? सापडत नसेल तर श्रेय अपुरे आहे.

दुसऱ्या शिक्षकाच्या वर्कशीटवरचे नाव खोडून आपले नाव किंवा आपल्या शाळेचा लोगो चिकटवणे, हा प्रकार गटांमध्ये सर्रास चालतो. त्याला कोणत्याही परवान्यात जागा नाही. रात्री मुले झोपल्यावर बसून एखाद्या मॅडमनी केलेले ते काम असते. तुम्ही त्यात भर घातली असेल तर 'मूळ: अमुक, भर: तमुक' असे लिहा. दोघांचाही मान राहतो.

टप्पा ९: प्रसिद्ध करा, आणि आपले साहित्यही रीतसर मोकळे करा

यूट्यूबवर चढवताना परवान्याचे दोनच पर्याय दिसतात: यूट्यूबचा नेहमीचा आणि क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन. आपला व्हिडिओ एसए आहे. तिथे ॲट्रिब्युशन निवडले तर एसएची अट सुटते. म्हणून नेहमीचा पर्याय ठेवा आणि 'हा व्हिडिओ सीसी बाय-एसए ४.० परवान्याने उपलब्ध आहे' असे वर्णनात आणि श्रेयपाटीवर दोन्हीकडे स्पष्ट लिहा. चॅनेलवर जाहिराती सुरू असतील तर एकदा एनसी ओळींसाठी नोंदवही चाळा.

स्वतः बनवलेले साहित्य मुक्त करायचे असेल तर आधी हक्क कोणाकडे आहे ते पाहा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. शासनासाठी केलेल्या कामात शासन. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकांनी परवाना लावण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी मान्यता घ्यावी. एका पानाचा अर्ज पुरतो: साहित्याची यादी, प्रस्तावित परवाना, कुठे टाकणार.

परवाना निवडताना मी सीसी बाय किंवा सीसी बाय-एसए सुचवते. भीतीपोटी एनडी लावले तर मेळघाटातल्या शिक्षिकेला तेच साहित्य तिथल्या कोरकू भाषेत करून मुलांना देता येणार नाही. आणि ज्या गोष्टी तुमच्या नाहीत त्या वगळल्याचे लिहा: 'मुलांची चित्रे आणि शाळेचे बोधचिन्ह या परवान्यात समाविष्ट नाहीत.'

टप्पा १०: चूक लक्षात आली तर लगेच हे करा

नोंदवही असली तरी एखादे नाव राहून जाते. कोणी कळवले की वाद घालू नका. त्याच दिवशी व्हिडिओ खासगी करा, ओळ दुरुस्त करा आणि कळवणाऱ्याला उत्तर पाठवा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत, भंग लक्षात आल्यापासून ३० दिवसांत तो दुरुस्त केला तर परवाना आपोआप पूर्ववत होतो. ३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही. तिथे निर्मात्याची नव्याने संमती घ्यावी लागते. परवान्याची आवृत्ती नोंदवहीत लिहा, असे वर सांगितले ते यासाठीही.

साहित्य मुक्त नव्हतेच असे निघाले तर दुरुस्तीचा प्रश्न येत नाही. ते काढायचे, दुसरे घालायचे, आणि ज्या ज्या गटांत फाइल गेली तिथे 'जुनी फाइल पुसा, नवी ही वापरा' असा निरोप नव्या फाइलसह टाकायचा. कोणत्या गटांत पाठवले हे आठवत नसेल तर शेवटच्या 'कुठे वापरले' या रकान्यात पाहा. तो रकाना आजपासून भरायला घ्या.